ओला पाट

पाट कपाटामागून ओढला तेव्हा त्याची खालची कड हाताला मऊ लागली. हात बघितला तर बोटांना काळपट ओल. पाट सागवानी, सासऱ्यांनी लालबागच्या चाळीत असताना सुताराला पुढ्यात बसवून करून घेतलेला. चाळ गेली, गिरणी गेली, सासरे गेले, पण पाटाचा कधी टवकासुद्धा उडाला नव्हता. तो असा भिजलेल्या पावासारखा लागावा म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं कळायला पाहिजे होतं. मला काही वाटलं नाही. मी तो पलंगाला टेकवला, हात पदराला पुसला आणि चहाचं आधण ठेवायला गेले. गेले सहा महिने माझं असंच चाललं होतं. काही झालं की मी चहा ठेवत होते.

पाट काढायचं कारण जयवंत भावोजी. आमच्याकडे गणपतीची मूर्ती बाजारातून उचलून आणत नाहीत. आषाढात घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्तिकार त्याच पाटावर आपली मूर्ती करतो आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाटासकट गणपती घरी येतो. पाट ज्याच्या घरचा, गणपती त्या घरचा. हे काम माझ्या नवऱ्याचं, नंदकिशोरचं. पाट धुऊन, पुसून, चादरीत गुंडाळून असा घेऊन निघायचा की बघणाऱ्याला वाटावं तान्हं मूल आहे. तो पौषात गेला. हृदय आधीच दोन वर्षं चतकोर चालत होतं, मग तेवढंही चालेना. आणि त्याचा धाकटा भाऊ जयवंत, विक्रोळीला राहतो, तो या रविवारी येऊन पाट नेणार होता. विक्रोळीच्या कारखान्यात देणार होता. गणपती यंदापासून त्याच्याकडे.

त्याने मला विचारलं नव्हतं असं नाही. वैशाखात एकदा येऊन बसला, पंखा वाढवायला सांगितला आणि म्हणाला, "वैनी, सुतकाचं वर्ष आहे, यंदा तुझ्याकडे नको. आमच्याकडे आणतो. आणि खरं सांगू, पुढेपण तिकडेच राहू दे. तुला एकटीला झेपणार नाही. घरात पुरुष माणूस नाही, मूलबाळ नाही." हे सगळं तो वाईट मनाने बोलत नव्हता. जयवंतच्या मनात वाईट फार वेळ टिकत नाही, तसं चांगलंही टिकत नाही. मी म्हटलं, "न्या." कुणी पेपर मागितला तर म्हणतात तसं. नंतर भांडी घासताना आठवलं की सुतक भावालाही तेवढंच असतं. त्याचं वर्ष संपलं आणि माझं संपलं नाही, हे कुठलं गणित? पण तोवर तो ऐरोलीच्या पुलापर्यंत पोचला असेल. आणि मला हेही माहीत होतं की एकदा हललेला गणपती परत येत नाही. माझ्या माहेरचा असाच एक वर्षासाठी म्हणून काकांकडे गेला, तो आता चुलतभावाच्या मुलाकडे आहे आणि आम्ही तिथे मोदक खाऊन पाहुण्यासारखे परत येतो. हे सगळं माहीत असून मी न्या म्हटलं. नंदकिशोरचं एकूण एक सामान मी तशीच देत सुटले होते. घड्याळ, चपला, स्वेटर. कुणी विचारलं की न्या.

चहा उकळत होता तेवढ्यात बेल वाजली. खालची नलिनी. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांसारखी चार मजली, आणि नलिनी गुडघ्यांची रडगाणी गाणारी बाई, ती जिना चढून आली म्हणजे काम मोठं असणार. दारातच म्हणाली, "उत्तरा, तुझ्याकडे काहीतरी लीक आहे गं. माझ्या बेडरूमचं छत बघ येऊन. आधी डाग होता, म्हटलं असेल. आता थेंब पडतोय. रात्री कपाळावर पडला." मी म्हटलं, "बरं." ती भडकली. "बरं काय बरं? वाट लागली माझ्या छताची आणि ही बरं म्हणते." मग स्वतःच आत शिरली, बेडरूममध्ये गेली, कपाटामागे वाकून बघितलं आणि म्हणाली, "आई गं."

कपाटामागची भिंत खालून कमरेपर्यंत ओली होती. रंग फुगून त्याचे पापुद्रे लोंबत होते आणि वर पांढरा क्षार फुलला होता. भिंतीपलीकडे गॅलरी, म्हणजे एके काळची. सगळ्यांनी केली तशी आम्हीही सरकत्या खिडक्या लावून ती आत घेतली, आता तिथे वॉशिंग मशीन आहे. "तुला वास आला नाही?" नलिनी म्हणाली. वास येत होता. मी त्या खोलीत फक्त कपडे काढायला जाते, झोपते हॉलमध्ये दिवाणावर. कपाट उघडलं की कोंदट, ओलसर, थोडा आंबूस वास यायचा आणि मी समजून चालले होते की हा त्याच्या आजारपणाचा वास आहे. औषधं, घामेजलेली उशी, ऑक्सिजनच्या नळीचं प्लास्टिक. उशी मी कधीच टाकून दिली होती तरी वास जात नव्हता, तेव्हा वाटलं असा वास राहत असेल माणूस गेल्यावर काही महिने. मला त्याचा त्रास होत नव्हता. खरं म्हणजे कपाट उघडून कधीकधी मी तशीच उभी राहायचे. आणि ती निघाली सांडपाण्याची ओल. म्हणजे बघा.

नलिनीने तिच्या ओळखीचा प्लंबर पाठवला, भीमराज. आल्या आल्या भिंतीवर हात थापटून म्हणाला, "पाऊस." बाहेरच्या भिंतीला चीर असेल, पाणी तिथून आत येतं, सोसायटीला सांगा. नलिनी माझ्या मागेच उभी होती. "पावसाचं असतं तर माझ्याकडे डाग मे महिन्यात कसा आला?" भीमराजने डोकं खाजवलं आणि लगेच दुसरं निदान काढलं. बाथरूम. "ताई, शंभर टक्के तुमचं बाथरूमच आहे. लाद्या जुन्या, खालचं वॉटरप्रूफिंग गेलं. सगळं फोडून नवीन करायचं. एकदम झकास करून देतो, वीस वर्षं बघायला नको." असा ठासून बोलत होता की ऐकणाऱ्याने दुसरं काय म्हणावं? मी म्हटलं, "फोडा." नलिनीने मला कोपर मारलं. "फोडा काय? आंघोळ कुठे करणार आहेस, माझ्या डोक्यावर? आधी खात्री कर रे बाबा, मग फोड." आणि तिनेच त्याला रंग टाकायला लावला. तिच्या भावाकडे असंच केलं होतं म्हणे. घरातल्या एकेका मोरीत रंगाचं पाणी ओतायचं, मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा आणि खाली कुठला रंग उतरतो ते बघायचं.

मग ते सुरू झालं. भीमराज रंगपंचमीच्या उरलेल्या पुड्या घेऊन आला. बाथरूमच्या जाळीत निळा ओतला, सिंकमध्ये हिरवा. त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. साकीनाक्याला एका पॅकिंगच्या कंपनीत मी डिस्पॅच बघते, तिथे मी गेले काय न गेले काय, खोकी जातातच. नलिनीच्या घरी पलंगावर गाद्या गुंडाळून ठेवलेल्या आणि मधोमध स्टीलची परात. आम्ही दोघी खुर्च्या टाकून बसलो. थेंब टप्प करून पडायचा आणि नलिनी वाकून बघायची. "साधाच आहे." पुन्हा वाट बघायची. मला ते बसणं आवडलं, खरं सांगते. आयसीयूच्या बाहेरही असंच बसायचं होतं, पण तिथे माणसं येऊन हात हातात घेत, खांद्यावर थोपटत, आणि मला त्या हातांचं काय करायचं ते कळत नसे. इथे कुणाची माझ्याकडून काही अपेक्षा नव्हती. परातीत थेंब पडायचा होता, बस.

नंदकिशोर गेला त्या दिवशी मी रडले नाही. मुद्दाम नाही. डॉक्टरने सांगितलं, मी मान हलवली, मग कुठले कागद, कुठे सही, गाडी कुणाची, हे सगळं मीच बघितलं. लोक म्हणाले उत्तरा खंबीर आहे. मग तेराव्यापर्यंत खंबीर आहे म्हणाले, आणि त्यानंतर तेच लोक जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. जयवंतची बायको मोरीत हात धुताना कुणाला तरी सांगत होती की वैनीचं काळीज दगडाचं. मला ते ऐकूनही काही झालं नाही. उलट वाटलं, असेल बाई. रात्री दिवाणावर पडून मी रडायचा प्रयत्नसुद्धा करून बघितला. त्याचं एखादं चांगलं बोलणं आठवायचं, तो मला पहिल्यांदा दादरला भेटला ते, मी त्याला नावाने हाक मारते म्हणून सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला आणि तो आईच्या समोर मला मुद्दाम 'अगं उत्तरा, अगं उत्तरा' करत फिरला ते. आठवायचं सगळं. पण ते दुसऱ्या कुणाच्या लग्नाच्या अल्बमसारखं समोरून जायचं. माझं त्यात काही नाही. दातांच्या डॉक्टरकडे सुई देतात, मग गाल आपलाच असून चावला तरी कळत नाही, तसं.

निळा उतरला नाही. हिरवाही उतरला नाही. भीमराज नाराज झाला, बाथरूमची लादी त्याने मनातल्या मनात फोडूनही टाकली असणार. "आता राहिली गॅलरी," तो म्हणाला, "पण तिथे काय असणार, नुसतं मशीनचं पाणी जातं." तरी त्याने मशीन बाजूला ओढलं आणि खालच्या जाळीत गुलाबी ओतलं. ते भराभर खाली गेलं नाही. जाळीवर क्षणभर तळं साठलं, मग हळूहळू, कुणी घोटाघोटाने प्यावं तसं उतरलं. संध्याकाळी मी भात लावत होते तर फोनवर नलिनी. "खाली ये. ये आणि बघ." परातीत पाण्याचा पातळ थर होता आणि तो गुलाबी होता. चांगला सणासुदीचा गुलाबी. छतावर नवा थेंब जमत होता, तोही तसाच. नलिनी खूष. "बघितलंस? तरी तू बाथरूम फोडायला निघाली होतीस." मी परातीकडे बघत म्हटलं, "छान रंग आहे." ती म्हणाली, "उत्तरा, तू डॉक्टरला दाखवून ये गं एकदा. गंमत नाही करत मी."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, भीमराजने जाळीभोवतीच्या दोन लाद्या उचलल्या. नलिनी आलीच होती. जाळीखाली एक वाडगा असतो, त्यात थोडं पाणी कायम राहतं, म्हणजे गटाराचा वास वर येत नाही, आणि त्याच्या पोटातून पाईप बाहेर जातो. तो वाडगा राखाडी, घट्ट कशाने तरी भरलेला होता. एका कडेला बोटभर वाट, तेवढ्यातून आमच्या कपड्यांचं पाणी जात होतं, बाकीचं वाडग्याच्या कडेने झिरपून लाद्यांखाली. भीमराजला पुन्हा उत्साह आला. "सिमेंट. बघा ताई, सिमेंट ओतलंय कुणीतरी. ही गॅलरी बंद करणारी लोकं अशीच, उरलेला माल मोरीत. यांना काय, यांच्या बापाचं जातं?" गॅलरी बंद करून पंधरा वर्षं झाली होती. त्याने पेचकस खुपसला आणि सिमेंट म्हणत होता ते लोण्यासारखं कापलं गेलं. वर कडक कवच, आत मऊ. त्याने हाताने गोळे काढून वर्तमानपत्रावर ठेवायला सुरुवात केली. राखाडी, चिकट, गुळगुळीत. एका गोळ्यावर सोनेरी रंगाची टिकली चमकत होती.

मी खाली बसले. टिकलीला बोट लावलं, ती बोटाला चिकटून आली. गोळा उचलून नाकाशी धरला. मोरीचा वास होता, साबणाचा होता, आणि त्याच्या खाली तो दुसरा, थंड, पावसाळी मडक्याचा. गणपतीच्या कारखान्यात पाऊल टाकलं की येतो तो. शाडू. गेल्या भाद्रपदात आमच्या गणपतीच्या मुकुटाला हाच सोनेरी होता, नंदकिशोर म्हणाला होता यंदा जरा जास्तच चोपडलाय.

गेल्या वर्षी विसर्जन घरी केलं. दरवर्षी आम्ही तलावावर जायचो, तो पाण्यात उतरायचा, मूर्ती बुडवून झाली की तळाची मूठभर माती पाटावर घेऊन यायचा. ती माती घरी आणून तिचीही आरती करायची, मगच पाट वर ठेवायचा. रिकामा पाट घरी आणत नाहीत. पण गेल्या वर्षी त्याला जिना उतरणं जमत नव्हतं. दीड दिवसाचा गणपती, शाडूचा, वीतभर, मोठ्या बादलीत इथेच गॅलरीत विसर्जन केला. विरघळायला एक रात्र लागली. ठरलं असं होतं की दुसऱ्या दिवशी जयवंतचा मुलगा सिद्धेश येईल, बादली खाली नेईल आणि सोसायटीच्या कुंड्यांत ओतेल, कारण डॉक्टरांनी नंदकिशोरला भरलेली बादली उचलायची नाही असं बजावलं होतं आणि माझी कंबर त्या दोन दिवसांत गेली होती. दुपारी मी गोळी घेऊन झोपले. उठले तर बादली धुऊन पालथी. "आला होता सिद्धेश," नंदकिशोर म्हणाला, "ओतून गेला. चहासुद्धा घेतला नाही पोराने." तो पलंगावर उशीला टेकून बसला होता आणि घामाने सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, उकडतंय ना फार. तो म्हणाला, हो, फार. मग मी पाट बघितला, तो रिकामाच होता. म्हटलं, माती? तो म्हणाला, राहिली गं. मला तेव्हा ते कसंतरीच वाटलं होतं, पण मी पाट पुसून कपाटामागे सरकवला.

"सिद्धेश आला नव्हता," मी म्हटलं. कुणाला उद्देशून म्हटलं ते ठाऊक नाही. भीमराज पाईपमध्ये तार घालत होता, त्याने वर बघितलं. नलिनी मात्र माझ्याकडे न बघता ओढणीच्या टोकाशी खेळत होती. "तुला माहीत होतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मला गं कुठे माहीत की त्याने हे होईल. त्या दिवशी मी वाळलेले कपडे काढायला खिडकीत आले, तर पाईपमधून सारखं गुळगुळ. जरा गेलं की थांबायचं. पुन्हा गुळगुळ. म्हणून वर मान करून बघितलं. तर तुझे हे तुमच्या खिडकीत, हातात तांब्या. धापा टाकत होते. मी हाक मारणार, तर तोंडावर बोट ठेवलं. आणि असा हात केला." तिने तळहात गालाला लावून मान कलती केली. झोपलीय, असं. "मला म्हणाले होते नंतर फोनवर, सांगू नका हिला. ही जयवंतला फोन करून फाडून खाईल. पोराची परीक्षा होती, विसरला असेल. आणि मग ते गेले. मग मी काय सांगणार, उत्तरा?"

म्हणजे बादली उचलता येत नव्हती म्हणून तांब्याने. वाकायचं, तांब्या बुडवायचा, सरळ व्हायचं, जाळीपाशी वाकायचं, ओतायचं. हळूहळू, आवाज न करता, कारण मी आत झोपलेय. चतकोर हृदयाने. गाळ जाळीतून जातो की नाही हे बघायला त्याच्यात दम उरला नसणार. संडासात ओतायचं त्याच्या मनातही आलं नसणार, देव आहे तो, म्हणून ही मोरी, इथे निदान कपड्यांचंच पाणी. आणि शेवटी बादली धुऊन पालथी घातली, तेसुद्धा त्यानेच. मला राग आला. एवढा राग आला की हातातला गोळा मी चुरगाळला आणि तो बोटांच्या फटींतून बाहेर आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं आणि ते हे. मूर्ख माणूस. मला उठवायला काय झालं होतं? माझी कंबर तुझ्या जिवापेक्षा मोठी? आणि वर चहासुद्धा घेतला नाही पोराने, असं रचून सांगायचं. लाज नाही वाटली? हे सगळं मी मोठ्याने बोलले की मनात, कोण जाणे. भीमराज म्हणाला, "ताई, हे फेकून येऊ का खाली?" मी म्हटलं, "हात लावू नका." तो दचकला. मग मी नीट सांगितलं, "बादली देते. त्यात काढा सगळं. पाईपमधलंपण."

रविवारी सकाळी पाट मी हॉलच्या खिडकीत ठेवला होता, मध्येच ऊन यायचं म्हणून. कड अजून काळी होती. त्यावर मूठभर शाडू ठेवली होती, ती वाळून पांढुरकी पडायला लागली होती. जयवंत आला, पंखा वाढवला, पाणी प्यायला आणि चादर मागितली. पाट गुंडाळायला. मग त्याचं लक्ष गेलं. "हे काय?"

"माती," मी म्हटलं. "मागल्या वर्षीच्या गणपतीची."

"कुठची? मागल्या वर्षी आणलीच नव्हती ना. दादा म्हणाला होता."

"आणली नव्हती, कारण गेलीच नव्हती. पाईपात अडकून होती. काल निघाली." मी त्याला लाद्या उचललेली मोरी दाखवली, बादली दाखवली. सिद्धेश येऊन गेला होता की नाही, हे काढलं नाही. ओठावर आलं होतं. बादली उचलायला यायला जमलं नाही आणि गणपती उचलायला बरा जमतोय, एवढं एक वाक्य होतं, आणि मी ते बोलले असते तर जयवंतला वर्षभर पुरलं असतं. पण नंदकिशोर झाकून गेला, ते मी उघडं कशाला करू? मी एवढंच म्हटलं, "विसर्जन झालं नाही, भावोजी. दहा महिने गणपती इथेच आहे. तुम्ही नेणार कसा?"

जयवंतने बादलीत वाकून बघितलं. मग चिडला. चिडला की तो मालवणीवर जातो. "माका काय हौस नाय, वैनी. मी तुझ्यासाठीच म्हणतंय. उद्या कोण करतलो सगळा? आरती तू करशील, नैवेद्य करशील. विसर्जनाक बादली कोण उचलतलो?"

"उचलायची कशाला? तांब्याने ओतीन."

त्याला काही कळलं नाही. कळणार कसं? त्याने एकदा पाटाकडे बघितलं, चादरीची घडी पुन्हा घडीवर बसवली आणि दिवाणावर ठेवली. जेवला. भात दोनदा घेतला. जाताना दारात म्हणाला, "मुलुंडच्याच कारखान्यात देतेस ना पाट? मी येऊ सोबत?" म्हटलं, "नको. सुकला की मी नेईन."

तो गेल्यावर मी बादलीत पाणी सोडलं आणि शाडू हाताने कालवली. गुठळ्या मोडल्या, सोनेरी टिकल्या वर तरंगल्या. मग नलिनीला हाक मारली आणि आम्ही दोघींनी कडी धरून, पायरी पायरीवर टेकवत, बादली खाली नेली. गेटजवळ सोसायटीच्या कुंड्या आहेत, जास्वंद, तगर, एक मरतुकडा अनंत. दोघींनी मिळून उपडी केली असती तर एका दमात झालं असतं. नलिनी तेच म्हणाली. मी घरून तांब्या आणला होता.

वाकले, बुडवला, सरळ झाले, कुंडीपाशी वाकले, ओतला. शाडूचं पाणी जड असतं, हे मला माहीत नव्हतं. नुसत्या पाण्याच्या दुप्पट भरतं ते हातात. तगरीला घातलं, जास्वंदीला घातलं. थोड्या वेळाने कंबर बोलायला लागली, मग श्वास. बादली अर्धीसुद्धा झाली नव्हती. मी कुंडीच्या काठाला धरून उभी राहिले, तोंड उघडं टाकून, आणि मला कळलं की तो इथे थांबला असणार. खिडकीच्या दांड्याला धरून. आत माझ्या खोलीकडे कान देऊन, मी उठले तर नाही ना. मग पुन्हा वाकला असणार. आणि ओतताना तो गप्प नसणार, त्याला सवय होती, दर वर्षी पाण्यात उतरला की पुटपुटायचा, पुढच्या वर्षी लवकर या. त्याला पुढचं वर्ष नव्हतं, आणि तो तांब्या तांब्याने ते म्हणत होता, हळू आवाजात, मला जाग येऊ नये म्हणून.

आधी मला वाटलं घाम आहे. मग नाक वाहायला लागलं आणि घशातून एक घाणेरडा आवाज निघाला, माणसाचा नव्हे असा, गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला. हात शाडूने भरलेले, डोळे पुसायची सोय नव्हती. खांद्याने पुसले. नलिनी जवळ आली, पण तिने हात लावला नाही, शहाणी बाई. नुसती म्हणाली, "बस गं जरा पायरीवर. राहिलेलं मी ओतते."

"नको," मी म्हटलं. "होत आलंय." आणि तांब्या बुडवला.